दरडीचा पंचनामा होतो, दवाखान्याच्या खर्चाचा कोण करणार?

तळीये हे नाव महाराष्ट्राला कळलं ते २२ जुलै २०२१ ला. डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच रात्री पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या, आणि महाड शहर पाण्याखाली होतं. त्यानंतर मंत्री आले, मुख्यमंत्री आले, कॅमेरे आले. मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून ५ लाख, पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. जखमींचा उपचाराचा खर्च सरकार करेल, असंही सांगितलं गेलं. तसंच व्हायला हवं होतं.

पण त्यातून एक तत्त्व मान्य झालं, ते आपण नीट ऐकलं नाही. माणसाची चूक नसताना त्याच्यावर आभाळ कोसळलं तर खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकायचा नाही, हे ते तत्त्व.

मग माझा साधा प्रश्न आहे. कॅन्सर कोणाच्या चुकीने होतो? घाटात गाडी पलटली तर मागच्या सीटवर बसलेल्या बाईची काय चूक?

आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये दरवर्षी घरं कोसळतात, फक्त आवाज होत नाही. आधी दुभती म्हैस जाते. मग बायकोचं सोनं तारण पडतं. मग बचत गटाचं कर्ज, मग मुंबईच्या भावाकडून उसने, मग पोरीचं कॉलेज बंद. या घराचा पंचनामा करायला तलाठी येत नाही. सरकारदरबारी ते घर शाबूत असतं.

"पण पाच लाखांची योजना आहे ना?"

आहे. आणि चांगली आहे. उगाच सगळ्याला नावं ठेवायची नाहीत.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. म्हणजे ही योजना आपल्याला नवी नाही. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली आणि २०२० मध्ये दोन्ही योजना एकत्र राबवायला सुरुवात झाली. पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती ५ लाख झाली आणि रेशन कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना लागू करायचं ठरलं. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी आहे. बायपास, कॅन्सर, डायलिसिस, मेंदूची शस्त्रक्रिया, बरंच काही त्यात बसतं. या योजनेमुळे जगलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत.

मग घर बुडतं कुठे? एक हिशोब मांडतो. हा समजुतीसाठी आहे, यातले आकडे काढून तुमच्या घरचे घाला.

समजा, वरंध घाटाखालच्या एखाद्या वाडीतली पन्नाशीची बाई आहे. पोटात दुखतंय. आधी जवळचा डॉक्टर, गोळ्या, परत गोळ्या. मग महाडला सोनोग्राफी, रक्त-लघवी. मग "मोठ्या दवाखान्यात न्या". मोठा दवाखाना म्हणजे अलिबाग किंवा पनवेल-कामोठे-नवी मुंबई. म्हणजे शंभर किलोमीटरच्या पलीकडे. आता धरा:

तपासण्या ५ हजार. खासगी गाडी जाऊन-येऊन ७ हजार. बरोबरच्या दोन माणसांचं आठ दिवसांचं जेवण, चहा, इकडून तिकडे जाणं ४ हजार. त्या दोघांची पंधरा दिवसांची बुडालेली मजुरी, ४०० रुपये रोजाने, १२ हजार. घरी आल्यावरची औषधं ३ हजार. पुन्हा दाखवायला दोन फेऱ्या ३ हजार.

बेरीज ३४ हजार. आणि ऑपरेशन? ते मोफत झालं.

हे समजून घ्या मंडळी. योजना फसली म्हणून हा खर्च झाला नाही. योजना व्यवस्थित चालली तरी हा खर्च झाला. योजना दवाखान्याच्या दारातून आत गेल्यावर सुरू होते. आपला खर्च वाडीच्या पायवाटेवर सुरू होतो. योजनेच्या मूळ अटींमध्ये घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं एकदा देण्याची तरतूद आहे. टाके घातलेल्या बाईने एसटीतून महाडला यायचं, आणि पुढे वाडीपर्यंत? डोली, नाहीतर खासगी जीप. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा त्रास पॅकेजमध्ये धरलेला असतो. अकराव्या दिवसापासून आपण आणि आपलं नशीब.

डायलिसिसचं बघा. डायलिसिस मोफत आहे, खरं आहे. पण ते आठवड्यातून दोनदा-तीनदा करावं लागतं, जन्मभर. ज्याचं मशीन गावापासून तास-दीड तासावर आहे, त्याला डायलिसिसचा रुपया लागत नाही. लागतो तो गाडीचा. महिन्याला दहा-बारा फेऱ्या. बरोबर येणाऱ्या माणसाला नोकरी धरता येत नाही. उपचार फुकट आणि माणूस कंगाल, असं हे गणित आहे.

आणि ज्याला दाखल व्हावं लागत नाही त्याचं काय? बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, फिट्स. यांच्या महिन्याच्या गोळ्या योजनेत नाहीत. देशभरात लोकांच्या खिशातून आरोग्यावर जो पैसा जातो, त्यात सगळ्यात मोठा वाटा औषधांचा आहे. म्हणजे ५ लाखांचं संरक्षण आपल्याला आयुष्यात कधीतरी लागणार, आणि हजार-बाराशे रुपयांची चिठ्ठी दर महिन्याला येणार. मग माणूस काय करतो? गोळी अर्धी करतो. एक दिवसाआड घेतो. बरं वाटलं की बंद करतो. पाच वर्षांनी अर्धांगवायू झाला की मग ५ लाखांची योजना लागू होते. स्वस्तात वाचवायचा माणूस आपण महागात वाचवायला बसतो.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या ७५ व्या नमुना पाहणीचे, २०१७-१८ चे आकडे आहेत. ग्रामीण भारतात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये. बाळंतपणं यात धरलेली नाहीत. गाडीभाडं, बरोबरच्या माणसांचं खाणं-राहणं हेही यात नाही. आणि हे आकडे कोविडच्या आधीचे आहेत.

दुसरा आकडा बरा आहे. २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांपैकी ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९ रुपयांवर आल्याचं सरकारी लेखे सांगतात. चांगलं आहे. पण शंभरातले चाळीस रुपये अजून माणूस आजारी असतानाच, कनवटीचे सोडून देतो. घराच्या एकूण खर्चाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त पैसा औषधपाण्यावर गेला तर ते घर आर्थिक संकटात धरायचं, असा एक जागतिक मापदंड आहे. तुमच्या वाडीतली अशी घरं बोटांवर मोजून बघा. बोटं पुरतात का, ते मला सांगा.

आपली खरी विमा कंपनी: मुंबईचं मंडळ

आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट आहे. पोरं मुंबईला, ठाण्याला, नालासोपाऱ्याला. गावात म्हातारी माणसं. आजारी पडतं गाव आणि बिल भरते मुंबई. अपघात झाला, ऑपरेशन निघालं की वाडीच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड येतो, आणि रात्रीत वीस-तीस हजार जमतात. भावकी-गावकीचं हे मोठेपण आहे, त्याला सलाम. पण याचा अर्थ काय होतो तेही बघा. ज्या कारखान्यातल्या, कुरिअरच्या, सिक्युरिटीच्या नोकरीवर मुंबईतलं घरच जेमतेम चालतं, त्या पगारावर आपण गावाची आरोग्यव्यवस्था टांगली आहे.

शिवाय मंडळ ऑपरेशनला पैसे देतं, बीपीच्या गोळीला नाही. त्यासाठी मागायला म्हाताऱ्यांना लाज वाटते. "पोराला कशाला त्रास" म्हणून छातीतलं दुखणं चार दिवस लपवलं जातं. आणि ज्यांचं मुंबईत कोणी नाही, मंडळ नाही, त्यांचं काय? आपल्या कातकरी वाड्यांना क्यूआर कोड नसतो.

दुसरा घोळ कागदांचा. रेशन कार्डावर नाव गावाला, आधारवर पत्ता मुंबईचा. आधारवर एक आडनाव, रेशनवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. २०२१ च्या पुरात आणि दरडीत कपाटांसकट कागद गेले, ते काही घरांत अजून पूर्ण उभे राहिलेले नसतील. हे सगळं कधी कळतं? पेशंट स्ट्रेचरवर असताना. तोपर्यंत दवाखाना म्हणतो, "मंजुरी येईपर्यंत अनामत भरा." कागद नंतर जुळतो. पण व्याजाने घेतलेला पैसा तोवर सुरू झालेला असतो.

बिरवाडीने जगाला शिकवलेला धडा

हा विषय आपल्याच मातीत एकदा सुटलेला आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट पोरं दगावायची. बावस्करांनी रात्र-रात्र पेशंटजवळ बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. त्यांचे लेख लॅन्सेटसारख्या जगातल्या मोठ्या नियतकालिकात आले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्यापर्यंत उतरलं, असं त्यांच्या नोंदी सांगतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याच्यात आपल्यासाठी काय आहे? औषध स्वस्त होतं. गोळी होती. ती जवळच्या दवाखान्यात होती, आणि ती वेळेवर देणारा डॉक्टर तिथे हजर होता. ना हेलिकॉप्टर लागलं, ना ५ लाखांचं पॅकेज. गरिबाला खर्चापासून वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच. उपचार घराजवळ आणा, म्हणजे बिल तयारच होत नाही.

याच बावस्करांनी २०१३ मध्ये आणखी एक काम केलं. पेशंट तपासणीला पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. कट प्रॅक्टिसवर राज्यभर चर्चा झाली, २०१७ मध्ये सरकारने कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला. कायदा मात्र झाला नाही. आपण तपासणीचे जे पैसे भरतो त्यातला कुठला भाग तपासणीचा आणि कुठला पाठवणाऱ्याचा, हे विचारायचा हक्क आपल्याला अजून कायद्याने मिळालेला नाही. सगळे डॉक्टर असे नाहीत. अडीअडचणीला पैसे न घेणारे डॉक्टर महाडमध्येही आहेत, पोलादपूरमध्येही आहेत. पण चांगल्या माणसांच्या भरवशावर व्यवस्था चालवायची नसते.

"सरकार तरी किती करणार?"

ही प्रतिक्रिया येणार, म्हणून आधीच उत्तर देतो.

तळीयेची दरड कोसळली त्याच्या दोनच आठवड्यांनी, ५ ऑगस्ट २०२१ ला, तामिळनाडूने एक योजना सुरू केली. आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन बीपी-शुगर तपासतात आणि महिन्याच्या गोळ्या घरात आणून देतात. त्यांना हे जमतं कारण सरकारी औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ त्यांनी १९९४ मध्येच उभं केलं. राजस्थानने २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषधं सुरू केली. थायलंडने २००१-०२ मध्ये ३० बाथमध्ये उपचार आणले, तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात औषधखरेदी आधी विभागाकडे, मग हाफकिनकडे, आणि २०२३ मध्ये कायदा करून नव्या प्राधिकरणाकडे गेली. टेबलं बदलत राहिली. "मोफत उपचार" लिहिलेल्या फलकाखाली "हे बाहेरून आणा" ही चिठ्ठी मिळाली की मोफतपणा मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर संपतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घालावा असं म्हटलं आहे. देशातलं श्रीमंत राज्य असलेला महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. तेव्हा पैसा नाही असं नाही, तो आरोग्याकडे वळत नाही.

आणि एक नियमाची गोष्ट. डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तीन हजाराला एक उपकेंद्र, असा निकष आहे. निकष डोकी मोजतो, चढ मोजत नाही. पावसाळ्यात रस्ता खचला, घाट बंद झाला की नकाशावरचे आठ किलोमीटर म्हणजे अर्धा दिवस असतो.

मागायचं काय?

भाषणं पुष्कळ झाली. आमदार-खासदारांकडे, जिल्हा परिषदेकडे नेमकं मागूया.

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर औषधांच्या साठ्याचा फलक. कुठलं औषध आहे, कुठलं संपलं, कधी येणार. दर आठवड्याला बदललेला.

२. बीपी, शुगर, फिट्स, दमा यांच्या गोळ्या आशाताईंमार्फत वाडीत, महिन्याच्या महिन्याला. आणि त्या कामाचे आशाताईंना वेगळे, वेळेवर पैसे.

३. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी महाड-पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयांत रोज. मशीन असून माणूस नाही, असं चालणार नाही.

४. डायलिसिस, कॅन्सर, बाहेरगावच्या शस्त्रक्रियेसाठी पेशंट आणि एका नातेवाइकाचा प्रवासखर्च. एसटीचा नाही, खरा.

५. पावसाळ्याच्या आधी दरडप्रवण वाड्यांत आयुष्मान कार्डाचं शिबिर. धोक्याच्या गावांची यादी प्रशासनाकडे आहेच. तीच यादी कार्डासाठी वापरा.

तोपर्यंत आपण काय करायचं?

कार्ड आजच काढा, आजारी पडल्यावर नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक आजी-आजोबांना, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून ५ लाखांचं वेगळं आयुष्मान कार्ड मिळतं. गणपतीला गावी आलेल्या पोरांनी एवढं एक काम करून परत जावं. मखरापेक्षा आई-बापाला त्याचा उपयोग जास्त आहे.

दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिल्यांदा आरोग्यमित्राचं टेबल शोधा. पैसे भरल्यावर नाही, भरायच्या आधी. अडलं तर १५५३८८ वर फोन करा.

मुंबईच्या, पुण्याच्या मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा.

खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. दिसली नाही तर विचारा. प्रत्येक पैशाची पावती घ्या. पावती नाही म्हणजे तक्रारही नाही.

हायवेवर अपघात झाला तर २०२५ च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला हे पाठच असायला हवं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या पोरांनी पगाराची पावती नीट बघा. ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर उपचाराचा हक्क तुमचा आहे. कापूनही कार्ड दिलं नसेल तर ठेकेदाराला लेखी विचारा. एकट्याने नाही, दहा जणांनी मिळून.

आणि शेवटचं. पुढच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, समाजमंदिर यांच्याबरोबर एक विषय लेखी द्या: "गेल्या वर्षभरात आजारपणामुळे कर्जात गेलेली घरं किती?" नावं नकोत, नुसती संख्या आणि अंदाजे रक्कम. ग्रामसेवकाला ती इतिवृत्तात लिहायला लावा. महाड-पोलादपूरच्या निम्म्या ग्रामपंचायतींनी जरी हे केलं तरी आपल्या हातात असा एक कागद येईल, जो आज कुठल्याच सरकारी कपाटात नाही. तोच आपला पंचनामा. मोबदला कोणाकडे मागायचा हे नंतर ठरवू, आधी नुकसान तर मोजू.

तुमच्या गावात आरोग्य केंद्रात कुठली गोळी मिळत नाही, महाड किंवा पनवेलला जायला गाडीवाल्याने किती घेतले, एवढं खाली लिहा. पेशंटचं नाव लिहू नका. गाव, महिना आणि रक्कम पुरे. मी यादी करतोय.